अण्णांच्या कानात काय आहे?

हे घर एकच एक खरं घर नव्हे. कमी ऐकू येणारं वयस्कर माणूस असलेल्या अनेक घरांत जे घडतं, त्यावरून ते बेतलं आहे. यंत्रं, चाचण्या, नियम आणि संशोधन यांबद्दल जे लिहिलंय ते मात्र जसं आहे तसंच आहे.

घरात पाच जण. अण्णा ७१ वर्षांचे, निवृत्त हिशेबनीस. त्यांच्या पत्नी माई, मुलगा, सून आणि १६ वर्षांची नात. प्रश्न वरवर साधा होता. अण्णांना कमी ऐकू येतं, कानाचं मशीन ते वापरत नाहीत, आणि नातीकडे आहेत तसले इअरबड्स आता श्रवणयंत्राचं काम करू शकतात. मग तेच आणून दिले की झालं. तसे ते आणून दिलेही. त्यानंतर अण्णांच्या कानापेक्षा उरलेल्या चौघांच्या वागण्यात जास्त बदल करावे लागले, आणि याची कुणालाच कल्पना नव्हती. खोक्यावर तसं काही छापलेलं नसतं.

"तुम्हीच नीट बोलत नाही"

अण्णांचं म्हणणं पहिल्यापासून एकच: मला ऐकू येतं, तुम्ही तोंडातल्या तोंडात बोलता. घरच्यांना हा हट्ट वाटायचा. खरं तर ते स्वतःची अडचण अगदी नेमकी सांगत होते, फक्त दोष भलत्याला देत होते.

वयानुसार ऐकणं कमी होतं ते सगळ्या आवाजांचं सारखं होत नाही. आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात सूक्ष्म केसपेशी असतात. उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या पेशी त्याच्या सुरुवातीलाच बसलेल्या असतात, आणि बहुधा त्याच आधी निकामी होतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत आणि दणकट असतात. स, श, फ, थ, च ही व्यंजनं वरच्या पट्टीत आणि हलकी असतात. त्यामुळे बोलण्याचा आवाज कानापर्यंत येतो, पण शब्द ज्यामुळे शब्द वाटतो तो भाग गळून पडतो.

अण्णांच्या बाबतीत हे उघडं पडलं ते आकड्यांमुळे. फोनवर कुणीतरी रक्कम सांगत होतं, अण्णा वहीत उतरवून घेत होते आणि सून शेजारी उभी होती. पलीकडून "साठ" आलं, अण्णांनी "आठ" लिहिलं. "अण्णा, साठ म्हणाले ते." "आठच म्हणाला, मी काय बहिरा आहे?" जन्मभर ज्यांची बेरीज चुकली नाही, त्यांना एका स-मुळे आपला आकडा चुकला हे पटणं अवघड होतं. शब्दातला स काढून टाकला की साठचा आठ होतो आणि सातचा "आत" होतो, हे सुनेने नंतर कागदावर लिहून दाखवलं. ते मात्र त्यांना पटलं. हिशेबाचा माणूस हिशेबानेच वळतो.

अशा घरांत आणखी एक ठरलेलं नाटक चालतं. आधी हळू बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून दुसऱ्यांदा मोठ्याने बोलतात. ओरडल्यावर स्वरच जास्त वाढतात, व्यंजनं तेवढी वाढत नाहीत, म्हणजे शब्द तरीही कळतोच असं नाही. शिवाय आतला कान कमजोर झाला की हळू आवाज ऐकूच येत नाही आणि थोडा चढलेला आवाज एकदम अंगावर येतो, या दोहोंमधली जागा आक्रसलेली असते. मग "काय म्हणालीस?" आणि "ओरडतेस कशाला?" ही वाक्यं पाठोपाठ येतात. माई या नाटकाला इतक्या कंटाळल्या होत्या की बऱ्याच गोष्टी त्या सांगायच्याच सोडून देत.

काही वर्षांपूर्वी कानामागे बसणारं श्रवणयंत्र आणलं होतं. ते खणात गेलं. कारणं नेहमीचीच: म्हातारं दिसायला होतं, शिट्टी वाजते, वर्तमानपत्राचं पान उलटलं की कानात कडकडाट होतो, स्वतःचं चावणं स्वतःला ऐकू येतं. यातल्या शेवटच्या तिन्ही गोष्टी पुन्हा जाऊन जुळवून घेतल्या की बऱ्याच सुधारतात. वर्षानुवर्षं न ऐकलेले आवाज मेंदूला परत ओळखीचे व्हायलाही काही आठवडे जातात. पण पहिलं कारण कुणी जुळवून देत नाही, त्यामुळे अण्णा परत गेलेच नाहीत.

मुलाची भीती आणि नातीची चाचणी

विषय पुन्हा निघाला तो मुलामुळे. कमी ऐकू येणाऱ्यांना स्मृतिभ्रंश होतो, असं त्याने कुठेतरी वाचलं आणि तसंच्या तसं वडिलांना सांगितलं. घाबरवून कामं होतात असा काही मुलांचा समज असतो. अण्णा घाबरले नाहीत, चिडले.

वस्तुस्थिती त्याच्या मथळ्यापेक्षा बरीच सौम्य आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या, स्मृतिभ्रंशावरच्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता किंवा कमी करता येण्याजोगे १४ धोके मोजले, त्यांत श्रवणदोष आहे. पण धोका मोजणं वेगळं आणि मशीन घातल्याने तो टळतो हे सिद्ध होणं वेगळं. अमेरिकेत ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवर तीन वर्षं चाललेल्या अचीव्ह या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सगळ्यांचा मिळून विचार केला तर श्रवणयंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांत बौद्धिक घसरणीचा लक्षणीय फरक दिसला नाही. ज्यांना आधीपासून जास्त धोका होता त्या उपगटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी दिसली. म्हणजे आशा आहे, हमी नाही. नीट ऐकू यावं यासाठी एवढं भीतीदायक कारण लागतंच कशाला, हा प्रश्न माईंनी विचारला होता. त्यावर मुलाकडे उत्तर नव्हतं.

नातीने वेगळा रस्ता काढला: फोन आणि बड्स वापरून घरीच कानांची चाचणी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १७ ऑक्टोबर २०२२ पासून १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम श्रवणदोष जाणवणाऱ्या लोकांना तपासणी आणि चिठ्ठीशिवाय श्रवणयंत्र विकत घ्यायची वाट मोकळी केली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच प्रशासनाने ॲपलच्या एअरपॉड्स प्रोसाठी श्रवणयंत्राचं सॉफ्टवेअर मंजूर केलं, तशा प्रकारचं ते पहिलंच. म्हणजे गाणी ऐकायची वस्तू एका अपडेटने वैद्यकीय उपकरणाच्या वर्गात आली. मला यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे की वस्तू तीच राहिली. लोकांच्या कानात ती आधीपासूनच होती.

अशी चाचणी घरी होते ती साधी असते. शांत खोली, दोन्ही कानांत बड्स घट्ट बसलेले. एकेका पट्टीचा बारीक सूर कमी-जास्त आवाजात येतो, ऐकू आला की पडद्यावर बोट टेकवायचं. काही मिनिटांत दोन्ही कानांचा आलेख तयार होतो. त्यात ० डेसिबल म्हणजे निरोगी तरुण कानाला जेमतेम जाणवेल इतका आवाज. अण्णा चाचणीला बसले, कारण ती नातीने घेतली आणि कारण तिच्यात पांढरा डगला घातलेला कुणी नव्हता.

आलेख आला तेव्हा नातीच्या लक्षात आलं की डाव्या कानाची रेघ सगळ्या पट्ट्यांवर उजव्यापेक्षा जवळपास २० डेसिबलने खाली आहे, म्हणजे तो कान तेवढा जास्त कमजोर. मुलाचं म्हणणं, असेल, वयच आहे, तू आपलं चालू करून दे. नात म्हणाली, वय दोन्ही कानांचं सारखंच आहे ना?

तिचं बोलणं अगदी वर्मावर होतं. वयाने होणारा श्रवणदोष दोन्हीकडे साधारण सारखा असतो. दोन कानांत मोठा फरक दिसला तर आधी तपासणी व्हायला हवी. फोनवरची चाचणी आवाज हवेतून कानात सोडते. अडथळा बाहेरच्या नळीत आहे, मधल्या कानात आहे की आतल्या, हे तिला सांगता येत नाही. त्यासाठी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणारे तज्ज्ञ, कानामागच्या हाडावर कंपक ठेवून वेगळी चाचणी घेतात आणि दोन्ही निकाल शेजारी ठेवून पाहतात. अण्णांच्या डाव्या कानात दिवा धरून पाहिल्यावर दिसला तो मळाचा घट्ट बोळा. तो काढल्यावर दोन्ही रेघा जवळजवळ एकावर एक आल्या. आधीच घाईने चालू केलं असतं, तर यंत्राने त्या मळाच्या पलीकडे आवाज पोहोचवण्यासाठी डाव्या कानात विनाकारण जास्तीचा जोर लावला असता.

(यात विषय मळावर निभावला. पण तीन दिवसांच्या आत एका कानाचं ऐकणं अचानक गेलं असेल, तर घरी चाचणी करत बसायचं नसतं. ती तातडीची गोष्ट आहे आणि तिच्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच उपयोग होण्याची शक्यता जास्त. एकाच कानात गुंजन, चक्कर, कान वाहणं याबाबतही आधी डॉक्टर.)

खरे आकडे असे निघाले (हर्ट्झ म्हणजे सुराची पट्टी, आणि डेसिबलचा आकडा जितका मोठा तितकं ऐकणं कमी): ५०० हर्ट्झला २५ डेसिबल, १००० ला ३०, २००० ला ४५, ४००० ला ६०. चारांची सरासरी ४०. बहुतेक वर्गीकरणांत हा आकडा सौम्य आणि मध्यमच्या सीमेवर किंवा आसपास पडतो, आणि "सौम्य" म्हटल्यावर अण्णांनी माईंकडे विजयी नजरेने पाहिलं. सरासरीने इथे फसवलं आहे. ४००० हर्ट्झपाशी सूर ऐकू यायला तो निरोगी कानाच्या मानाने ६० डेसिबलने, म्हणजे तीव्रतेच्या हिशेबात १० लाख पटींनी वाढवावा लागत होता. आणि स-श चा वावर त्याच भागात आणि त्याच्याही वर. हिशेबनिसाला हे वेगळं समजवावं लागलं नाही. एका खात्यात भरपूर शिल्लक आणि दुसऱ्यात खडखडाट असताना सरासरी काढून भागत नाही, असं ते स्वतःच म्हणाले.

जे लगेच जमलं

यावर फार लिहिण्यासारखं नाही, कारण तक्रारच उरली नाही. टीव्हीचा आवाज खाली आला. फोनवरचं बोलणं थेट कानात येऊ लागल्याने आकडे नीट लिहिले जाऊ लागले. समोरासमोर एकाच माणसाशी बोलताना "काय?" जवळजवळ बंद झालं. बड्सच्या बाहेरच्या मायक्रोफोनवर आलेला आवाज आलेखानुसार पट्टीपट्टीने वाढवून आत सोडला जातो, म्हणजे स उचलला जातो आणि दणकट स्वर होते तिथेच राहतात. घरच्यांना हा फरक ओरडणं थांबल्यावर कळला.

त्रास दोन. रबरी टोकांनी कान बंद होत असल्याने स्वतःचा आवाज मडक्यातून आल्यासारखा घुमायचा. आणि काही तासांनी बॅटरी संपायची, नेमकी संध्याकाळी, घर भरलेलं असताना. दोन्हींची त्यांना सवय झाली.

"काका, आधी ते कानातलं काढा"

अडचण दाराबाहेर सुरू झाली. एका कार्यालयात अण्णा कागद घेऊन काउंटरवर गेले. पलीकडच्या माणसाने वर पाहिलं, कानात पांढरे बड्स दिसले, आणि तो म्हणाला, "काका, आधी ते कानातलं काढा, मग बोलू." अण्णांनी मुकाट्याने काढले. मधे काच, मागे रांग, पलीकडचा माणूस मान खाली घालून बोलणारा. त्यांना एक अक्षर कळलं नाही. दोनदा विचारल्यावर त्या माणसाने आवाज चढवला, आणि अण्णा काम न करता परत आले.

दुसरा प्रसंग याहून जिव्हारी लागला. नात्यातल्या एका घरी कुणी वारलं होतं, तिथे अण्णा आणि माई भेटायला गेले. अशा ठिकाणी लोक हळू बोलतात, म्हणजे बड्स घालायलाच हवे होते. काही दिवसांनी एका नातेवाइकाकडून माईंच्या कानावर आलं: "तिथेसुद्धा गाणी ऐकत बसले होते म्हणे."

त्या माणसांची चूक काढता येणार नाही. कानात काही घातलेलं माणूस आपल्यासाठी हजर नाही, ही खूण आपण सगळ्यांनी मिळून चाळीस-पंचेचाळीस वर्षांत पक्की केली आहे. १९७९ साली पहिला वॉकमन आला, तेव्हा सोनीलाही ही शंका होती. एकट्याने कान झाकून ऐकत बसणं लोकांना उद्धट वाटेल म्हणून त्या यंत्राला हेडफोनची दोन भोकं दिली होती, आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं खाली जायचं आणि मायक्रोफोनमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. नंतरच्या यंत्रांमधून ते बटण गेलं. लोकांना एकट्याने ऐकण्याची लाज वाटेनाशी झाली होती. गंमत अशी की आजचे बड्स बाहेरचा आवाज आत सोडतात तेव्हा त्या नारिंगी बटणाचंच काम करतात, फक्त पलीकडच्याला ते दिसत नाही.

श्रवणयंत्राचा इतिहास बरोबर उलट्या दिशेने गेला. १९५२ च्या अखेरीस ट्रान्झिस्टर, म्हणजे आवाजाचा संकेत वाढवणारा चिमुकला इलेक्ट्रॉनिक भाग, पहिल्यांदा सामान्य ग्राहकाच्या हातात आला तो श्रवणयंत्रातून. खिशातला रेडिओ त्यानंतर १९५४ ला आला. तंत्रज्ञान पुढे होतं, पण धडपड सारी ते लपवण्याची. पन्नासच्या दशकात श्रवणयंत्र चष्म्याच्या जाडजूड काड्यांमध्ये दडवलं जायचं. २०२५ मध्ये अमेरिकेत श्रवणयंत्र आतच बसवलेल्या चष्म्याला मंजुरी मिळाली, म्हणजे ती हौस अजून संपलेली नाही. गाण्याची वस्तू मिरवायची आणि ऐकण्याची वस्तू झाकायची, असे हे दोन प्रवाह एकाच वस्तूत येऊन मिळाले, आणि अण्णा त्या संगमावर उभे राहिले.

या प्रकरणातली माझ्या मते मुख्य गोष्ट इथे आहे. कानामागचं मशीन अण्णांना नको होतं, कारण ते न बोलता सगळ्यांना सांगायचं की या माणसाला कमी ऐकू येतं. बड्सनी ते झाकलं, इतकं चांगलं झाकलं की आता ते तोंडाने सांगावं लागलं. काउंटरवर, दारात, गाडीत शेजारी बसलेल्याला: "हे ऐकायचं मशीन आहे हो, गाणी नाहीत." ज्या वाक्यापासून पळण्यासाठी महागडी वस्तू घेतली, तेच वाक्य रोज म्हणायची वेळ आली. अशा उपकरणांनी संकोच जातो असं उत्साहाने म्हटलं जातं. अण्णांच्या बाबतीत तो जागा बदलून दुसरीकडे जाऊन बसला. पूर्वी तो दिसण्यात होता, आता बोलण्यात आला.

नातीने फोनच्या पडद्यावर मोठ्या अक्षरांत एक वाक्य तयार करून दिलं, दाखवायला. अण्णांनी ते कधीच दाखवलं नाही.

ऐकू न येण्यावर उभं असलेलं घर

बाहेरच्यांचं वागणं बदलणं आपल्या हातात नसतं. पण घरातल्यांनाही ती जुनी खूण सोडायला वेळ लागला, हे जास्त विचार करण्यासारखं आहे. सून काही सांगायला यायची, अण्णांच्या कानात बड्स दिसले की परत फिरायची. तिला माहीत होतं ते कशासाठी आहेत, तरी पाय आपोआप मागे वळायचे. नात तर लहानपणापासून याच नियमात वाढलेली. कानात बड्स म्हणजे हाक मारायची नाही. तिला आजोबांसाठी हाच नियम उलटा लावावा लागला आणि स्वतःसाठी तसाच ठेवायचा होता. एकदा दोघं समोरासमोर बसले होते, दोघांच्या कानात सारखीच वस्तू. एकाला सगळं ऐकायचं होतं, एकीला काहीच नको होतं. माई दोघांशीही बोलल्या नाहीत.

मग दुसरी गोष्ट झाली. वर्षानुवर्षं अण्णांच्या समोर, त्यांच्या पाठीमागे, शेजारच्या खोलीतून, घर मोकळेपणाने बोलत आलं होतं. कुणी वाईट बोलत नव्हतं. पण ऐकू जात नाही हे गृहीत धरून बोलणं आणि ऐकू जातं हे जाणून बोलणं यात फरक असतोच. एका संध्याकाळी मुलगा आणि सून आतल्या खोलीत बोलत होते. अण्णांना आता गाडी चालवू द्यायची नाही, किल्ली कुठे ठेवायची, हे सांगायचं कुणी आणि कसं. बाहेर अण्णा बड्स घालून बसले होते, टीव्ही बंद होता. त्यांनी सगळं ऐकलं, आणि काही दिवस कुणालाच सांगितलं नाही.

वस्तू एकाच्या कानात जाते, पण तिच्यामुळे घरात कुणाला काय कळतं याची वाटणीच बदलते. ऐकू न येण्याभोवती या घराने एक सोय उभी केली होती, काही गोष्टी न सांगता निभावून नेण्याची. त्या सोयीचा फायदा अण्णा सोडून सगळ्यांना होता. ती गेल्यावर मुलगा सुरुवातीला चक्क नाराज झाला. आपण कशावर नाराज आहोत हे त्याला लवकर उमगलं नाही.

माईंचं प्रकरण आणखी गुंतागुंतीचं. त्या इतकी वर्षं अण्णांचे कान होत्या. डॉक्टर बोलायचे माईंशी, माई त्यातलं निवडून, सोपं करून, कधी गाळून अण्णांना सांगायच्या. घरी आलेला फोन त्याच घ्यायच्या. यात कष्ट होते, पण हुकमतही होती. आता अण्णा डॉक्टरांना स्वतः प्रश्न विचारू लागले, आणि एका औषधाबद्दल माईंनी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं असं काहीतरी बाहेर आलं. गंभीर नव्हतं. पण परतताना दोघं बोलत नव्हती. माईंची सुटका झाली असं सगळे म्हणत होते. त्यांच्या हातून काहीतरी गेलंही होतं, हे फक्त सुनेच्या लक्षात आलं.

अण्णांनीही नव्या सत्तेचा वापर लगेच शिकून घेतला. नको ते बोलणं सुरू झालं की ते बड्स काढून डबीत ठेवत. डबी बंद होतानाचा टिक आवाज माईंना दुसऱ्या खोलीतून ओळखू यायचा. "अहो, मी बोलतेय!" पण तोवर उशीर झालेला असायचा. पूर्वी ऐकू येत नव्हतं तेव्हा भांडणात त्यांना सूट होती. आता ते ऐकायचं नाही असं ठरवून काढतात, हे माईंना दिसत होतं, आणि त्यांचा खरा राग त्यावर होता.

ठरलं ते

ऑडिओलॉजिस्टकडे पुढच्या भेटीत अण्णांनी काउंटरची हकीकत सांगितली. तिथे कळलं की ४००० हर्ट्झच्या पुढचा त्यांचा दोष या बड्सच्या आवाक्याच्या टोकाला आहे, आणि गोंगाटात चार-पाच जण एकदम बोलत असताना नीट बसवलेलं श्रवणयंत्र त्यांना जास्त उपयोगी पडेल. कानाच्या पडद्याजवळ बारीक नळी ठेवून कानात प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो ते मोजता येतं आणि त्याप्रमाणे यंत्र जुळवता येतं. मागच्या वेळी हे मोजमाप झालं होतं की नाही, हे घरात कुणालाच आठवत नव्हतं.

खणातलं जुनं मशीन त्यांनी बाहेर काढलं नाही, नवं घेतलं, कानामागेच बसणारं. रंग विचारला तेव्हा त्यांनी केसांशी न जुळणारा, लांबून दिसेल असा निवडला. मुलाला वाटलं ते रागाने करताहेत. अण्णांचं कारण व्यवहारी होतं: हे दिसलं की लोक आपोआप जरा सावकाश बोलतात, समजावत बसावं लागत नाही. बाहेर जाताना मशीन, घरी टीव्हीला आणि फोनला बड्स, अशी वाटणी झाली. बड्स नसते तर ते दुसऱ्यांदा मशीनकडे वळलेच नसते, असं मला वाटतं. नीट ऐकू आलं तर काय मिळतं हे त्यांना आधी कळावं लागलं.

घरासाठी काही गोष्टी ठरल्या. अण्णांच्या कानात काही असेल तर बोलायचं, नसेल तर आधी समोर यायचं. अण्णांनी भांडणाच्या मधे डबी उघडायची नाही. डॉक्टरांकडे दोघांनी जायचं आणि प्रश्न दोघांनी विचारायचे. नातीने स्वतःच्या फोनमधली आठवड्याची आवाजाची नोंद उघडून दाखवायची. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी ८० डेसिबलने आठवड्याला ४० तासांपर्यंतचं ऐकणं सुरक्षित मानते, मुलांसाठी मर्यादा ७५ ची आहे. तिची नोंद काही आठवड्यांत त्याच्या वर होती. ही अट अण्णांनी घातली आणि तिने कुरकुरत मान्य केली.

गाडीचा विषय अण्णांनीच काढला. सगळे बसलेले असताना, नवं मशीन कानात असताना. "माझ्या किल्लीबद्दल जे बोलायचंय ते आता बोला, मला ऐकू येतंय." मुलगा गडबडला. मग बोलणं झालं, तासभर, मधे दोनदा आवाज चढले. अडचण कानांपेक्षा डोळ्यांची होती, रात्री समोरून येणाऱ्या दिव्यांची, हे अण्णांनी स्वतःच कबूल केलं. रात्री गाडी चालवायची नाही, दिवसा ओळखीच्या रस्त्यांवर चालवायची, दर वर्षी डोळे आणि कान दोन्ही तपासायचे आणि निकाल मुलाला आणि सुनेला दाखवायचा, इतकं ठरलं. किल्ली अण्णांकडेच राहिली.